शालार्थ: शिक्षिकेच्या पगारपत्रकाचं परीक्षण

एकाच शाळेत, एकाच दिवशी, एकाच वेतनश्रेणीत रुजू झालेले सर आणि मॅडम यांची शालार्थ या शाळांच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतून काढलेली पगारपत्रकं शेजारी शेजारी ठेवली, तर मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता यांत रुपयाचाही फरक सापडत नाही. अनुदानित माध्यमिक शाळेत बाई म्हणून पगार कमी लावायला जागाच नाही. याचं श्रेय सॉफ्टवेअरपेक्षा १९७७ च्या महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी अधिनियमाला आणि त्याखालच्या १९८१ च्या नियमावलीला जातं. शालार्थ फक्त ते नियम मुकाट्याने राबवते. तरीही एकाच दिवशी लागलेल्या सर-मॅडमची पगारपत्रकं पंधरा-अठरा वर्षांनी काढली तर बऱ्याचदा मूळ वेतनात पाच आकडी अंतर पडलेलं असतं, आणि मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर सर असतात. हे अंतर पगारपत्रकाच्या कोणत्याच रकान्यात लिहिलेलं नसतं. ते शिक्षणाधिकाऱ्यांनी नियुक्तीला दिलेल्या वैयक्तिक मान्यतेच्या आदेशात, सेवापुस्तकाच्या एखाद्या पानावर आणि ज्येष्ठता यादीच्या एका तारखेत असतं. म्हणून शालार्थचं परीक्षण करायचं तर तिला माहिती पुरवणारे हे कागदही तपासावे लागतात.

गुण आधीच सांगून टाकू. पगाराचा हिशेब म्हणून शालार्थला पाचात चार. पदोन्नती आणि वेतनश्रेणीच्या नोंदींसाठी पाचात दोन, आणि त्यातलाही एक गुण कायद्याचा.

शालार्थ ही शालेय शिक्षण विभागाची ऑनलाइन वेतन प्रणाली, राज्य कर्मचाऱ्यांच्या सेवार्थची धाकटी बहीण. शाळेच्या पातळीवर मुख्याध्यापकाचं लॉगिन म्हणजे डीडीओ-१ (डीडीओ म्हणजे पगाराची रक्कम काढून वाटणारा अधिकारी). तिथे क्लार्क त्या महिन्याचे बदल भरतो, बिल जनरेट करतो आणि पुढे पाठवतो. वेतन पथकाचं लॉगिन म्हणजे डीडीओ-२. तिथे तपासणी होऊन सगळ्या शाळांची बिलं एकत्र कोषागाराकडे जातात. मूळ वेतन, पदनाम, वेतनश्रेणी, वेतनवाढीची तारीख, जन्मतारीख, लिंग या नोंदी एकदा मंजूर झाल्या की शाळेच्या पातळीवर सहज बदलता येत नाहीत. गैरव्यवहार टाळायला ते बरंच आहे. पण सुरुवातीला भरलेली चूकही तितकीच घट्ट बसते. जानेवारी २०१८ मध्ये प्रणाली कोलमडली तेव्हा कित्येक महिने पगार ऑफलाइन काढावे लागले. पुढे माहिती नव्याने भरताना झालेल्या चुका निस्तरायला वेळ गेला. २०२५ मध्ये नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडींचं, म्हणजे खोट्या नियुक्त्या दाखवून पगार काढण्याचं प्रकरण उघडकीला आल्यावर नियुक्तीचे आदेश, मान्यता, रुजू अहवाल अपलोड करण्याचं काम मागे लागलं. या निमित्ताने ज्यांनी आपलाच मान्यता आदेश पहिल्यांदा नीट वाचला असेल, त्यांनी वेतनश्रेणीची ओळ वाचली का, एवढं बघावं.

आधी गंमत. शालार्थमध्ये लिंगाच्या रकान्याने पैसे बदलतात अशी एक जागा आहे, आणि ती मॅडमच्या फायद्याची आहे: व्यवसाय कर. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. पुरुषांना १०,००० च्या वर गेलं की महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाचं, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर काम करणाऱ्या शिक्षकाचं मानधन जानेवारी २०२३ पासून १८,००० आहे. म्हणजे शिक्षण सेवक असलेल्या सरांचे वर्षाला अडीच हजार कापले जातात, मॅडमचे काहीच नाहीत. नियमित वेतनश्रेणी लागली की हा फायदा संपतो. तीन वर्षं, साडेसात हजार रुपये. शिक्षण सेवक असताना मॅडमचा व्यवसाय कर कापलेला दिसला, तर बहुतेक वेळा लिंगाची नोंद चुकलेली असते किंवा क्लार्कने जुनी १०,००० ची मर्यादा धरलेली असते. पहिल्याच पगारपत्रकात हे तपासायचं.

आता खरी मोठी जागा: कोणत्या वेतनश्रेणीत मान्यता मिळाली.

माध्यमिक शाळेला पाचवी ते सातवीचे वर्ग जोडलेले असतात. त्या वर्गांवरची बहुतेक पदं डी.एड. वेतनश्रेणीची, थोडी पदवीधर श्रेणीची. आठवी ते दहावीची पदं बी.एड. श्रेणीची. सातव्या वेतन आयोगात डी.एड. शिक्षकाची श्रेणी एस-१०, म्हणजे २९,२०० पासून. प्रशिक्षित पदवीधराची एस-१४, म्हणजे ३८,६०० पासून. लहान मुलांचे वर्ग मॅडमकडे, दहावीचं गणित सरांकडे ही आपल्याकडची मुरलेली सवय. त्यात बी.ए. झालेली, बी.एड. करता करता लागलेली उमेदवार ‘सध्या पाचवीवर घेऊ, पुढे बघू’ असं सांगून एस-१० मध्ये बसवली जाते. यूडायस प्लस या देशभरातल्या शाळांच्या माहितीसंचाच्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातल्या एकूण शिक्षकांत महिला निम्म्याहून जास्त आहेत. पण वरच्या इयत्तांकडे जाल तसं हे प्रमाण उतरत जातं. वेतनश्रेणीचा जिना आणि इयत्तांचा जिना एकच असल्यामुळे हे उतरतं प्रमाण थेट पगारात उतरतं.

‘पुढे बघू’ची किंमत आकड्यांत बघा. दोघीही नियमित श्रेणीत एकाच जुलैपासून धरू, एक एस-१० मध्ये, दुसरी एस-१४ मध्ये. दरवर्षी ३ टक्के वाढ, शंभराच्या पटीत. आठ वेतनवाढींनंतर पहिलीचं मूळ वेतन ३७,०००, दुसरीचं ४८,९००. आता पहिलीला पदवीधर श्रेणी मिळाली. ३७,००० ला एस-१४ मध्ये पुढचा टप्पा म्हणजे तिथली सुरुवात, ३८,६००. एक काल्पनिक वेतनवाढ देऊन ३८,१०० धरले तरी टप्पा तोच, ३८,६००. म्हणजे आठ वर्षांच्या सेवेनंतर ती दुसरीच्या पहिल्या दिवसावर आली. फरक १०,३००. आणखी दहा वेतनवाढी जाऊ द्या, १२ वर्षांनी मिळणारी वरिष्ठ श्रेणी बाजूला ठेवा: पहिली ५१,९०० वर, दुसरी ६५,९०० वर. फरक १४,०००, तोही फक्त मूळ वेतनात. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या टक्क्यांत मिळतात, त्यामुळे हातात पडणारा फरक याहून बराच मोठा. टक्केवारीची वाढ असं अंतर कधीच बुजवत नाही, उलट दर जुलैला थोडं वाढवते. शालार्थमध्ये या सगळ्यावर एकही चुकीची नोंद नसते. प्रणालीच्या दृष्टीने दोन्ही पगार बरोबर.

यावर करण्यासारखं काय? नियुक्ती आदेशात ‘सहायक शिक्षक’ एवढंच लिहिलेलं असेल तर तिथेच थांबायचं. वेतनश्रेणी, पद कोणत्या गटातलं (५ ते ७ की ८ ते १०) आणि विषय लिहून मागायचा. शिक्षणाधिकाऱ्यांचा वैयक्तिक मान्यतेचा आदेश आला की त्यातली वेतनश्रेणी नियुक्ती आदेशाशी ताडून बघायची. पुढे शाळेत पदवीधर श्रेणीची जागा रिकामी झाली, कुणी निवृत्त झालं, की संचमान्यतेची, म्हणजे शाळेला मंजूर झालेल्या पदांच्या आदेशाची प्रत मागून पद मंजूर आहे का ते बघायचं आणि त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्यायचा. तोंडी सांगितलेली गोष्ट क्लार्कच्या टेबलापर्यंतही पोचत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला लाजू नये.

बी.एड. झाल्यावरची एक ठरलेली चूक अशी: वेतनश्रेणी बदलली नाही, म्हणून प्रमाणपत्र घरच्या फाइलमध्येच राहतं. पण १९८१ च्या नियमावलीतली अनुसूची फ, जिच्यावर माध्यमिकची ज्येष्ठता ठरते, ती अर्हतेने प्रवर्ग पाडते. पदवी आणि बी.एड. असलेला शिक्षक प्रवर्ग क मध्ये. वरच्या प्रवर्गातला शिक्षक खालच्या प्रवर्गातल्यापेक्षा ज्येष्ठ, मग खालच्याची सेवा कितीही जुनी असो. म्हणून पगार एस-१० चा राहिला तरी बी.एड.ची नोंद सेवापुस्तकात त्याच महिन्यात व्हायला हवी. नोंद करताना तारीख कोणती घालतात तेही बघायचं. परीक्षेचा निकाल आणि पदवीदान समारंभ यांत कित्येक महिने जातात, आणि क्लार्क हातातल्या प्रमाणपत्रावरची तारीख लिहून मोकळा होतो. गुणपत्रिकेची प्रत जोडून निकालाची तारीख लिहायला सांगायचं. मधल्या काळात संस्थेत दुसरं कुणी प्रवर्ग क मध्ये लागलं, तर तेवढ्या महिन्यांनी मुख्याध्यापकपद जाऊ शकतं.

ज्येष्ठता यादी हा या व्यवस्थेचा सर्वांत दुबळा भाग, आणि शालार्थ तिथे काहीच मदत करत नाही. प्रणालीकडे रुजू तारीख आहे, जन्मतारीख आहे, अर्हता आहे. यादी तयार करायला लागणारं सगळं आहे. पण यादी आजही संस्थेच्या कार्यालयात टाइप होते. १९८१ च्या नियमावलीतल्या नियम १२ प्रमाणे व्यवस्थापनाने ती तयार करायची, कर्मचाऱ्यांत फिरवायची, सह्या घ्यायच्या, हरकती ऐकायच्या. वाद राहिला तर शिक्षणाधिकाऱ्यांनी निर्णय द्यायचा. प्रत्यक्षात शिपाईमामा मधल्या सुट्टीत कागद घेऊन येतात, ‘मॅडम, इथे सही’, आणि सही होते. यादीवरची सही म्हणजे हरकत नाही असंच पुढे धरलं जातं. सही करण्याआधी चार रकाने वाचायचे: प्रवर्ग, त्या प्रवर्गातल्या अखंड नियुक्तीची तारीख, जन्मतारीख, शेरा. काही पटलं नाही तर सहीखाली ‘हरकतीच्या अधीन’ लिहून तारीख टाकायची आणि हरकत वेगळ्या कागदावर द्यायची. एकाच प्रवर्गात एकाच दिवशी लागलेल्यांत वयाने मोठा तो ज्येष्ठ, हा नियम आहे. जून महिन्यात एकाच दिवशी पाच-सहा जण रुजू होतात, तेव्हा जन्मतारखेतल्या एका आकड्याने क्रम फिरतो.

‘अखंड’ या शब्दावर बायकांची सेवा जास्त अडते. संस्थेत पहिला प्रवेश पुष्कळदा रजेच्या जागेवर होतो. एका मॅडमच्या प्रसूती रजेवर दुसऱ्या मॅडमला घेतलं, सहा महिन्यांनी मोकळं केलं, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं. हे तुकडे अखंड सेवेत बसत नाहीत. अर्धवेळ कामाचंही तसंच. मुख्याध्यापक होण्यासाठी पदवीनंतर ५ वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो आणि त्यातली किमान २ वर्षं बी.एड. नंतरची. मुलं लहान असताना सोयीचं म्हणून घेतलेल्या अर्धवेळ पदाची वर्षं पूर्णवेळाच्या मोजणीत येत नाहीत. सोय तेव्हा होते, हिशेब वीस वर्षांनी येतो.

रजांची गोष्ट मात्र लोकांना वाटते तितकी वाईट नाही. इथे गैरसमज आणि कार्यालयाची ढिलाई जास्त. प्रसूती रजा १८० दिवसांची, पूर्ण पगारी. ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही, तिच्यामुळे वेतनवाढ पुढे जात नाही आणि ज्येष्ठतेला धक्का लागत नाही. २३ जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने आलेली बालसंगोपन रजाही एकूण १८० दिवसांची आणि पगारी, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत तुकड्यांनी घेता येणारी. अडचण होते ती या रजा संपल्यावर किंवा मंजूर न झाल्यावर घेतलेल्या विनावेतन रजेने. वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतलेली असाधारण रजा वेतनवाढीसाठी धरली जात नाही. म्हणजे मुलाच्या आजारपणात सरळ अर्ज टाकून तीन महिने विनावेतन राहिलं तर नुकसान त्या तीन पगारांपुरतं थांबत नाही. म्हणून क्रम पाळायचा: आधी बालसंगोपन, मग अर्जित किंवा अर्धवेतनी, आणि विनावेतनची वेळ आलीच तर वैद्यकीय कारण खरं असेल तिथे प्रमाणपत्रासह. रजा मंजुरीचा आदेश हातात नसताना क्लार्कने शालार्थमध्ये त्या महिन्याचा पगार थांबवला, तर थकबाकीचं पुरवणी बिल करावं लागतं, आणि पुरवणी बिल कधी निघेल ते वेतन पथकातली निधीची तरतूद ठरवते. प्रसूती रजेचा अर्ज डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या दोन महिने आधी देऊन ठेवला तर ही वेळ येत नाही.

वरिष्ठ आणि निवड श्रेणी हा खरं तर पदोन्नती न मिळालेल्यांसाठीचा दिलासा. २ सप्टेंबर १९८९ च्या शासन निर्णयाने आलेली योजना: १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांनी निवड श्रेणी. शाळेत मुख्याध्यापकाची खुर्ची एकच, त्यामुळे बहुतेकांच्या आयुष्यातली मोठी वाढ हीच. कागदावर लिंगभेद शून्य. फरक पडतो अटींत. दोन्हींसाठी ठरावीक प्रशिक्षण लागतं, आणि ते दरवर्षी होत नाही. २०२२ मध्ये ते ऑनलाइन झालं, २,००० रुपये शुल्क भरून. नोंदणी, व्हिडिओ, स्वाध्याय, सगळं फोनवर. तांत्रिक घोळ झाले, पण रात्री स्वयंपाक आवरून पूर्ण करता येत होतं. जून २०२५ मध्ये ते प्रत्यक्ष झालं, दिवसभर केंद्रावर हजर राहून. शिकण्याच्या दृष्टीने प्रत्यक्ष प्रशिक्षण चांगलं, यात वाद नाही. पण ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांची फेरी हुकते, आणि पुढची फेरी कधी हे कुणी सांगत नाही. १२ वर्षं पूर्ण होत आली की आधीच्या वर्षापासून सूचनांवर डोळा ठेवायचा. नोंदणीची मुदत थोड्या दिवसांची असते.

निवड श्रेणीची अट अधिक कडक. ती वरिष्ठ श्रेणीतल्या २० टक्के पदांपुरतीच मिळते, आणि बी.एड. श्रेणीतल्या शिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते. वरिष्ठ श्रेणीत दहा जण असतील तर निवड श्रेणी दोघांना. बी.एड., नोकरी, लग्न, बाळंतपण या रांगेत एम.ए. मागे पडतं. ज्यांची २४ वर्षं पुढच्या तीन-चार वर्षांत भरतात त्यांनी मुक्त विद्यापीठातून का होईना, प्रवेश आत्ता घ्यावा. आणि संस्थेची पूर्वपरवानगी लेखी घ्यावी, नाहीतर पदवी मिळूनही तिच्या नोंदीवर हरकत निघते.

त्यात आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाप्रमाणे पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, सेवेची ५ वर्षांहून जास्त वर्षं उरलेल्या शिक्षकांना २ वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. ५ वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीपुरती सूट आहे, पण पदोन्नती हवी तर त्यांनाही परीक्षा द्यावी लागेल. माध्यमिक शाळेत पाचवी ते सातवीवर कोण आहे ते वर आलंच. म्हणजे ही अटही ज्यांना ‘सध्या पाचवीवर’ म्हणून घेतलं त्यांनाच आधी गाठणार.

पदोन्नतीच्या प्रस्तावात बारकावे जास्त, म्हणून इथे थोडं थांबू. त्याच नियमावलीतला नियम ३ सांगतो की मुख्याध्यापकपद ज्येष्ठतम, अर्हताधारक आणि समाधानकारक सेवा असलेल्या शिक्षकाला द्यायचं. संस्थेच्या शाळा एकाहून अधिक असतील तर त्या सगळ्या शाळांतल्या शिक्षकांमधून. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक आहे, तिथे ज्येष्ठतेचा हा आधार नाही. बाकी संस्थांत नियम इतका स्पष्ट असताना ज्येष्ठ मॅडमना डावललं जातं ते थेट आदेशाने क्वचितच. त्याचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता नकारपत्राचा. पद रिकामं झालं ते साठ किलोमीटरवरच्या गावातल्या शाळेत. ‘मॅडम, तुम्हाला झेपणार नाही, घरचंही बघायचं असतं, तुम्ही आपलं लिहून द्या.’ कागद आधीच टाइप केलेला असतो: मी स्वेच्छेने पदोन्नती नाकारत आहे. तारीख कोरी. हाच कागद पुढे कुठल्या प्रस्तावाला जोडला जाईल ते सांगता येत नाही. नकार द्यायचाच असेल तर स्वतःच्या हस्ताक्षरात द्यावा. कोणत्या शाळेतलं पद, ते कोणत्या तारखेला रिक्त झालं, आणि नकार त्या एका पदापुरता आहे, हे स्पष्ट लिहावं. कारण म्हणून ‘कौटुंबिक’ हा मोघम शब्द टाळून अंतर आणि बसची सोय लिहावी. प्रत शिक्षणाधिकारी कार्यालयात स्वतः आवक करावी. आणि नाकारण्याआधी निदान हे मोजावं की सेवेची किती वर्षं उरली आहेत आणि आपल्या शाळेतले मुख्याध्यापक कधी निवृत्त होणार. पुष्कळ वेळा दोन वर्षं लांबच्या शाळेत काढली की जवळची जागा मोकळी होते.

दुसरा रस्ता प्रभाराचा, आणि तो जास्त फसवा. मुख्याध्यापक निवृत्त झाले, मॅडम ज्येष्ठ, त्यांना प्रभारी केलं, स्वाक्षरीचा अधिकार मिळाला. शाळा त्याच चालवतात: शालार्थचं बिल त्यांच्याच लॉगिनवरून जातं, पोषण आहाराचा हिशेब त्या ठेवतात, दहावीच्या केंद्राची जबाबदारी त्यांची. पण पदोन्नतीला मान्यता नसते. अशा वेळी शालार्थचं पगारपत्रक सर्वांत प्रामाणिक ठरतं. त्यातला पदनामाचा रकाना वाचा. तिथे अजूनही ‘सहायक शिक्षक’ असेल तर वेतननिश्चिती झालेली नाही, आणि मुख्याध्यापकपदाचं काम सहायक शिक्षकाच्या पगारात चाललं आहे. प्रभार घेतानाच पत्र द्यावं: नियमित पदोन्नतीचा हक्क राखून प्रभार स्वीकारत आहे, प्रस्ताव पाठवावा. प्रस्तावासोबत ज्येष्ठता यादी, संस्थेचा ठराव, अर्हतेच्या प्रती, गोपनीय अहवाल आणि संचमान्यता लागते. यातलं एक जरी कमी असेल तरी त्रुटी काढून फाइल परत येते. नियमित आदेश निघाल्यावर वेतननिश्चितीचा विकल्प मुदतीत द्यायला विसरू नये. पदोन्नतीच्या तारखेपासून की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, यापैकी कोणता फायद्याचा ते दोन्ही रीतींनी कागदावर मांडून बघावं. जुलैची वेतनवाढ जवळ असताना दुसरा विकल्प पुष्कळदा चांगला पडतो.

खरंच डावललं गेलं तर दाद कुठे मागायची याचा घोळ नेहमी होतो. ज्येष्ठता यादीतल्या क्रमाचा वाद शिक्षणाधिकाऱ्यांकडे. पदोन्नतीत डावलून दुसऱ्याला नेमलं, तर १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील, ३० दिवसांच्या आत. या दोन वाटा वेगळ्या आहेत. शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन त्यांच्या सुनावणीची वाट पाहत बसलं की ३० दिवस केव्हाच उलटतात. मग विलंब माफीचा अर्ज करावा लागतो आणि प्रत्येक दिवसाचं कारण द्यावं लागतं. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात जाऊ द्यावेत.

लग्नानंतरच्या नावाचा प्रश्न शालार्थच्या वापरात फक्त शिक्षिकांच्या वाट्याला येतो, आणि तो छोटा वाटला तरी थकबाकी अडवतो. नियुक्ती माहेरच्या नावाने, बँक खातं सासरच्या नावाने, पॅनवर तिसरंच, आणि निवृत्तिवेतन योजनेच्या प्रान खात्यावर मधल्या नावाचं नुसतं अद्याक्षर. नाव बदलावंच असं कोणताही नियम सांगत नाही. सेवापुस्तकातलं नाव आयुष्यभर तेच ठेवलं तर सगळं सोपं. बदलायचंच असेल तर क्रम महत्त्वाचा: विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र, मग सेवापुस्तकात नोंद, मग आधार, पॅन, बँक, प्रान, आणि सगळ्यात शेवटी शालार्थ. आधी शालार्थमध्ये बदल केला आणि बँकेत जुनं नाव राहिलं, तर बिलातलं नाव आणि खात्यावरचं नाव जुळेना होतं, आणि पगार मंजूर होऊनही परत फिरतो.

शेवटी प्रणालीच्या बाहेर राहिलेल्यांबद्दल. अंशतः अनुदानित शाळेत शालार्थ पगाराचा २०, ४०, ६० किंवा ८० टक्के हिस्सा देते. उरलेला संस्थेने द्यायचा, तो मिळतो की नाही हे प्रणालीला माहीत नसतं. विनाअनुदानित शाळा तर शालार्थमध्ये नाहीतच, आणि शहरांतल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळांचा स्टाफरूम पाहिला तर तिथे बहुतेक मॅडमच दिसतात. तिथे पगारपत्रकावर एक आकडा, हातात दुसरा, असा जुना प्रकार आहे. त्याविरुद्ध उपयोगी पडणारी कागदं मोजकीच: बँकेचं विवरण, भविष्य निर्वाह निधीचं पासबुक, दरवर्षीचा नियुक्ती आदेश आणि हजेरीची झेरॉक्स. कायम नोकरीत सलग ५ वर्षं पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क शिक्षकांनाही आहे. २००९ च्या दुरुस्तीने तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. चौथ्या वर्षी बाळंतपणासाठी राजीनामा लिहून मागितला जातो तेव्हा हा हिशेबही त्यामागे असू शकतो. राजीनाम्याऐवजी प्रसूती रजेचा अर्ज द्यावा, आणि तो ईमेलनेही पाठवावा, म्हणजे तारीख कुणाला पुसता येत नाही.